ठुमकीचा भाद्रपद

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतून एक मिरवणूक निघते. वाजंत्री नाही, गुलाल नाही, वर्गणी तर नाहीच. पुढं एखादी भेदरलेली कुत्री, मागं सात-आठ उमेदवार, आणि त्यांच्यामागं उगाचच धावणारी दोन म्हातारी कुत्री, ज्यांना आपण कशासाठी धावतोय हेसुद्धा आता आठवत नसावं. मंगरूळपीरच्या ज्या टोकाला गाव संपतं आणि सोयाबीन सुरू होतं, तिथं आमचं घर. मिरवणूक आमच्या फाटकावरून वळून शेतांकडं जाते.

यंदाही गेली. मी दुधाचं पातेलं घेऊन फाटकाशी उभी होते. बैलांना घातलेल्या झुलीचा एक गोंडा अजून चिखलात पडलेला होता. उमेदवार एकामागून एक गेले, कुणी थांबलं नाही. फाटकाखालून कुणी नाक आत घातलं नाही. आमची ठुमकी उंबऱ्यावर पुढच्या पायांवर हनुवटी टेकवून सगळं बघत होती. निवृत्त मुख्याध्यापिका शाळेची प्रभातफेरी बघते, तशी. एकदा तिनं जांभई दिली. मला हसू आलं.

तीन वर्षांपूर्वी याच फाटकाला आम्ही साखळी, कुलूप आणि वरून नायलॉनची दोरी बांधली होती.

ठुमकी हे नाव तिच्या चालीवरून. दीड महिन्याची असताना शेतरस्त्यावर तिला एका जीपनं उडवलं. आमच्या ह्यांनी तिला फवारणीच्या पंपाच्या खोक्यात घालून आणलं. खोक्यातून फक्त दोन डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत तक्रार नव्हती, चौकशी होती. जनावरांच्या डॉक्टरांनी पाय बांधला. हाड जुळलं, पण तिरपं जुळलं. ती चालायला लागली तेव्हा कमरेला असा झोका द्यायची की जणू कुणीतरी ढोलकीवर थाप मारतंय. मी शाळेत स्नेहसंमेलन बसवणारी बाई. मला अशी चाल दिसल्यावर नाव शोधत बसावं लागत नाही.

आषाढात इंजेक्शनला नेली तेव्हा डॉक्टरांनी तिची कंबर चाचपली. मग हात धुताना म्हणाले, "मॅडम, हिला पिल्लं होऊ देऊ नका. हाड आत वळलंय. वाट अरुंद आहे. पिल्लू अडकलं तर हीपण जाईल. पहिला माज येऊन जाऊ द्या, मग दोन महिन्यांनी पिशवीच काढून टाकू. तोवर एकच करायचं. माज दिसला की एकवीस दिवस बाहेर सोडायचं नाही. एकवीस म्हणजे एकवीस."

घरी येऊन मी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, एवढंच सांगितलं: पिल्लं नकोत, एकवीस दिवस बांधायची. का, ते सांगितलं नाही.

'वाट अरुंद' हे शब्द आमच्या घरात उच्चारायचे नाहीत, असं कुणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप ठरलं होतं. माझी नणंद शोभा. मी तिला पाहिलेली नाही. मी या घरात सून म्हणून आले त्याच्या दोन वर्षं आधी ती गेली. रिसोडला सासर, वय एकोणीस, पहिलं बाळंतपण. दोन दिवस अडली. वाट अरुंद आहे, असं सुईण म्हणाली म्हणे. शेवटी जीपमध्ये घालून वाशीमला निघाले, आणि जीप वाशीमला पोहोचायच्या आधीच घाई संपली. तिचा फोटो आमच्याकडं देवघराच्या दाराआड लावलेला आहे. दार उघडं असलं की तो झाकला जातो. आणि आमच्या देवघराचं दार कायम उघडं असतं.

एवढंही मला ह्यांच्याकडून कळलं, लग्नाला पाच वर्षं झाल्यावर. आत्याबाईंच्या तोंडून शोभाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून मी डॉक्टरांचं कारण गिळून टाकलं. मला वाटलं, हा माझा समंजसपणा. बोलघेवडी बाई एकदा गप्प बसली की तिला स्वतःचं फार कौतुक वाटतं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी आत्याबाई बैलांना ओवाळायचं ताट घेऊन ओसरीवर आल्या आणि थबकल्या. फरशीवर लाल ठिपके. देवघरापासून दारापर्यंत.

"मंदा, कुंकू सांडलं का व?"

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, नाही. त्या वाकल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वाकायला त्यांना वेळ लागतो. बोटानं एक ठिपका पुसून बघितला. मग कोठीआड लपून स्वतःला चाटत बसलेल्या ठुमकीकडं बघितलं.

"मोठी झाली व बाई," त्या ठुमकीला म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता, दुःख नव्हतं. शेजारच्या मुलीबद्दल म्हणावं, तसं.

हे अंगणातून म्हणाले, "माजावर आली वाटते." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं शेतातलं काम एकाएकी वाढलं. शेंगा भरत होत्या, रानडुकरं येत होती, काय काय होतं. घरात बाईमाणसाचं काही निघालं की आमच्याकडच्या पुरुषांना रानडुकरं फार आठवतात.

मग आत्याबाई मागच्या खोलीत गेल्या आणि दोन वस्तू घेऊन आल्या. एक गोणपाट, चौघडी घालून शिवलेलं. आणि एक जर्मनचं ताट.

ते ताट मी ओळखलं. काठावर पोचा होता, आणि तो पोचा माझ्या रागाचा होता.

नवी नवरी असताना महिन्यातले चार दिवस मी याच गोणपाटावर, मागच्या पडवीत बसायची. जेवण वरून वाढलं जायचं, याच ताटात. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायलं की मी पुन्हा माणसांत. तिसऱ्या वर्षी मला शाळेत नोकरी लागली, विज्ञानाची बाई म्हणून. त्या महिन्यात मी ते ताट भिंतीवर भिरकावलं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. आत्याबाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. नंतर आमच्यात न बोलता तह झाला: त्या विचारणार नाहीत, मी सांगणार नाही. पंचवीस वर्षं तो तह टिकला. ताट भांडेवालीला गेलं असेल, अशी माझी समजूत होती. आणि आता ते पडवीत, ठुमकीपुढं, दूध-भाकरी कुस्करून.

"आत्याबाई, हे अजून आहे?"

"वस्तू कायले फेका लागते? कामी येते."

मी काहीतरी झणझणीत बोलणार होते. आठवीच्या मुलींपुढं तक्ता टांगून मी दरवर्षी बोलतेच की: यात लाजण्यासारखं काही नाही, विटाळ वगैरे काही नसतं, शरीर आहे. माझा तो तास आमच्या शाळेत गाजलेला आहे. मुली खिडक्या लावून घेतात आणि मी रंगमंचावर असल्यासारखी इकडून तिकडं फिरते. पण पडवीत बघितलं तर आत्याबाई स्वतःच त्या गोणपाटाच्या कडेला बसल्या होत्या, ठुमकीला टेकून. माझ्या वेळी त्या चार हात लांब उभ्या असायच्या. मी तोंड मिटलं.

मग सुरू झाले ते दिवस. आजही मला ते रंगांनी आठवतात. ओसरीची करडी फरशी आणि तिच्यावर दर तासाला उगवणारे लाल ठिपके. मी जुन्या सुती साडीची लंगोटी शिवली, मागं शेपटीला भोक ठेवून, बंद लावून. ठुमकीनं ती अंगावर चढवून घेतली, आरशात बघावं तसं वळून बघितलं, आणि तीन मिनिटांत तिच्या चिंध्या केल्या. मी दुसरी शिवली. तिचंही तेच. तिसऱ्या दिवशी आम्ही नाद सोडला आणि ओलं फडकं हातात घेऊन तिच्यामागं फिरायला लागलो, आळीपाळीनं, मी शाळेला जायच्या आधी आणि आल्यावर, मधल्या वेळात आत्याबाई.

ती जेवायची नाही. जी पोळीसाठी मागच्या दोन पायांवर उभी राहायची, ती ताटाकडं बघून मान वळवायची. मधूनच अंग चोरायची, मधूनच येऊन मांडीत डोकं खुपसायची, इतकं खोल की तिला कुठंतरी आत शिरायचं असावं. आपल्याला काय होतंय, हे तिला कळत नव्हतं, आणि सांगायला कुणी नव्हतं.

फाटकाबाहेर मात्र सगळ्यांना कळलं होतं. पहिल्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी सात. मी त्यांना नावं ठेवली. चहाच्या टपरीवरचा काळा धिप्पाड तो पहिलवान. सतत भुंकून बाजू मांडणारा तो वकील. बाजार समितीकडून, एवढ्या लांबून, रोज येणारा तांबडा तो अडत्या. आणि एक मळकट पांढरा, फाटक्या कानाचा, जो कधी भुंकला नाही, भांडला नाही. समोरच्या शेवग्याखाली बसून राहायचा, मान खाली, पाय जुळवून. त्याला आत्याबाईंनीच नाव दिलं.

"हा पाह्य, जावई कसा बसला. मान वर नाई करत."

"जावई नको आहे आपल्याला, आत्याबाई."

"कोन म्हनलं हवा हाय? बसला हाय तं बसू दे. त्याच्या बापाचं झाड थोडंच हाय, अन् आपल्याही बापाचं नाई."

फाटक रोज फिनेलनं धुवायचं. दुपारी गल्ली सुनसान असली की मी सुट्टीत सायकलवर घरी यायची, ठुमकीला दोरी बांधून मागच्या दारानं लघवीपुरती बाहेर न्यायची, एका हातात दोरी, एका हातात काठी. शाळेतल्या मुलींनी मला तशी पाहिली असती तर विज्ञानाच्या बाईंचा सगळा दरारा गेला असता. कुंपणाच्या काट्यांतून वकील यायचाच.

आणि पडवीत आत्याबाई. त्या ठुमकीशी बोलायच्या. माझ्याशी नाही, तिच्याशी. मी नळाखाली भांडी घासत असायची आणि पाणी बारीक करायची, ऐकू यावं म्हणून.

"माह्या मायनं मले काईच सांगतलं नव्हतं व. ज्वारीच्या वावरात होती मी. मले वाटलं, पोटात काई फुटलं, आता मरतो आपन. धुऱ्यावरच्या बोरीखाली लपून बसली. सांजपर्यंत. माय हाका मारून राह्यली, मी ओ देत नाई. मरून राह्यली त ओ कशी देऊ?" मग हसल्या. ठुमकीच्या कानामागं खाजवत राहिल्या. "तुले बरं हाय. तुह्याजवळ मी हाय."

मी पाणी बंद केलं. पंचवीस वर्षांत या बाईला बारा वर्षांचं वय होतं, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी फरशी स्वच्छ होती. दुपारीही स्वच्छ. त्याच संध्याकाळी घरात महालक्ष्म्या यायच्या होत्या. आमच्याकडं हा सण दिवाळीपेक्षा मोठा. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, फुलोरा, आणि दोघी बहिणींना फाटकापासून देवघरापर्यंत कुंकवाच्या पावलांनी आणायचं.

आत्याबाईंनी चुलीवर पाणी तापवलं होतं.

"आन तिले. न्हाऊ घालतो. मोकळी झाली."

"आत्याबाई, डॉक्टर एकवीस दिवस म्हणाले आहेत."

"डॉक्टर मानूस हाय. त्याले बाईचं काय कळते? रगत थांबलं म्हनजे थांबलं. तुलेही चार दिवसाचं एकवीस दिवस बसवलं असतं मी, त तू घर डोक्शावर घेतलं असतं."

हे अगदी खरं होतं. मी हसले. आणि मी, तक्ता टांगून शिकवणारी, मनात म्हटलं: बरोबरच आहे की, डॉक्टरांनी दिवस जरा वाढवूनच सांगितले असणार. मी हरले असं म्हणता येणार नाही. मी सामील झाले. इतक्या वर्षांनी आम्हा दोघींचं त्या विषयावर पहिल्यांदा एकमत होत होतं, आणि ते मोडायची मला इच्छा नव्हती.

आम्ही तिला अंगणात दगडावर उभी केली. हळद लावली, कोमट पाणी घातलं. पाठीवर हात फिरवला की ठुमकी स्थिर उभी राहायची, शेपटी एका बाजूला घ्यायची आणि मान वळवून आमच्याकडं बघायची.

"पाह्य कशी शेपटी बाजूले करून न्हाऊन घेते. शहानी हाय लेक."

मलाही ती शहाणीच वाटली. कपाळावर आत्याबाईंनी बोटभर कुंकू लावलं आणि गळ्यातली दोरी सोडली.

"राहू द्या दोरी, आज पाहुणे येणार."

"महालक्ष्म्या घरात येऊन राह्यल्या अन् लेक दाराशी बांधलेली बरी दिसते का?"

संध्याकाळी त्यांनी फरशीवर कुंकवाची पावलं उमटवली. ज्या फरशीवरून आम्ही आठवडाभर ठिपके पुसले, त्याच फरशीवर, तोच रंग. मी मागून चालत घंटा वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणं. फाटक उघडं, चपलांचा ढीग, पत्रावळ्या. पुरण वाटून माझे हात भरून आले होते. तेवढ्यात गल्लीतून हसण्याचा कल्लोळ आला, आणि त्यात ठुमकीचा एक बारीक आवाज.

मी धावले. शेवग्याखाली ठुमकी आणि तो पांढरा, पाठीला पाठ लागून, एकमेकांत अडकलेले. पहिलवान आणि वकील कुठं भांडत होते देव जाणे. कोपऱ्यावरची चार तरणी पोरं मोटारसायकलींवरून उतरून दगड वेचत होती. एक दगड पांढऱ्याला लागला. तो कळवळला, पुढं ओढला गेला, आणि ठुमकी तिच्या त्या तिरप्या कमरेसकट मागं फरफटली.

माझ्या मागून आवाज आला.

"काहून मारता रे? चोरी करून राह्यले का ते?"

आत्याबाई. सोवळ्याचं लुगडं नेसलेल्या, हातात पाहुण्यांसाठी अंथरायची पांढरी चादर.

"आजी, भर रस्त्यात..." एक जण हसत म्हणाला.

"अन् तू बे? तुह्या मायले असे दगड पडले असते त तू कुठून आला असता? टाक थो खाली. टाक म्हनतो ना!"

दगड पडला. हसणं थांबलं. आत्याबाईंनी चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि आम्ही दोघी त्या दोन जिवांपुढं आडोसा करून उभ्या राहिलो. जेवायला येणारे पाहुणे आमच्या बाजूनं माना खाली घालून जात होते. मला क्षणभर वाटलं, लग्नात असाच अंतरपाट धरतात, आता मंगलाष्टकं तेवढी म्हणायची राहिली. वाटलं, म्हणून सांगते. मी चादरीवरून आत्याबाईंकडं बघितलं आणि ते हसू जागच्या जागी मेलं. चादर खाली येऊ नये म्हणून त्यांनी ती दातात धरली होती.

पंधरा-वीस मिनिटं. मग ते दोघं सुटले. पांढरा निघून गेला. ठुमकी आत येऊन गोणपाटावर पडली आणि कपाळावरचं कुंकू फरशीला पुसलं गेलं.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांना दहीभाताचा नैवेद्य दाखवून निरोप दिला. आत्याबाई मुखवटे पुसून मऊ फडक्यात गुंडाळत होत्या. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. हाड, तिरपी कंबर, डॉक्टर. शेवटचे दोन शब्द मी खाली बघून म्हटले.

मुखवटा गुंडाळणारे हात थांबले.

"हे तू मले आधी काहून नाई सांगतलं?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून."

त्यांनी मुखवटा मांडीवर ठेवला. मग फडक्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "शोभीले सातवा सरला तवाच आनाची होती. पहिलं बाळंतपन मायच्या घरी. तिनं दोन निरोप धाडले, माय, मले ने. मी म्हनलं, महालक्ष्म्या होऊ दे. मंधातच मोकळी झाली त घरात सोयर येईन, देवाले हात लावता येनार नाई. सन झाला की आनतो." मुखवट्याच्या कपाळावरची हळद त्यांनी अंगठ्यानं पुसली. "मंग रोज रिसोडची गाडी पाहू लागली. वाटे, कोनी उतरेन अन् म्हनेन, पोरगी सुखरूप हाय. उतरला मानूस. पन त्यानं पानीच मांगतलं आधी. मी वळखलं."

मी मांडीवर दुसरं फडकं पसरलं.

"सनासाठी तिले बाहेर ठेवलं," त्या म्हणाल्या, "अन् सनासाठीच हिले सोडलं."

यावर सांत्वन म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडं एकच होतं, की सोडायला मीही होते. कारण माहीत असूनही होते. ते मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातात दुसरा मुखवटा दिला. आम्ही दोघींनी मिळून तो गुंडाळला.

डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मॅडम, ठिपके थांबतात तेव्हाच तर खरे दिवस सुरू होतात," ते म्हणाले. "शेपटी बाजूला घेत होती का?" मी मान डोलावली. पंचवीस वर्षांचा माझा तक्ता त्या क्षणी भिंतीवरून गळून पडला. आता लगेच फाडता येणार नाही, रक्त फार जाईल. तीन-चार आठवडे थांबून बघू, असं ठरलं.

त्या आठवड्यांत सोयाबीन पिवळं पडलं, पानं गळली, गल्लीत मळणीयंत्राचा धुरळा आला. मिरवणुका संपल्या. ठुमकी पुन्हा जेवायला लागली, जरा जास्तच. तिच्या पोटाकडं आम्ही दोघी चोरून बघायचो.

ठरलेल्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, मीही येतो. ऑटोत ठुमकीला मांडीवर घेऊन बसल्या, पदराखाली.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "आहेत. चार-पाच असतील. आजी, आत्ता पिशवी काढली तर ही वाचेल असं मला वाटतं. थांबलो तर पिल्लं वाढतील आणि..." त्यांनी ठुमकीच्या पाठीवर हात ठेवला. "पण आत्ता काढली तर पिल्लं जातील. काय करू?"

आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. "साहेब, तुमी मले इचारून राह्यले?"

"हो आजी. तुम्हालाच."

ज्या बाईनं आयुष्यात गाभण शेळीवर कधी काठी उगारली नाही, तिनं ठुमकीच्या पोटावर तळवा ठेवला. अंदाज घेतल्यासारखा. बराच वेळ.

"मंग माय वाचवा," त्या म्हणाल्या.

बाहेर कडुनिंबाखाली बाकावर बसल्यावर त्या एवढंच बोलल्या, "तवा कोनी इचारलंच नाई मले." आणि मग रस्त्याकडं बघत राहिल्या. रिसोडची गाडी गेली. त्यांनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

ठुमकी वाचली. टाके बारा दिवसांनी निघाले. तोवर ती त्याच गोणपाटावर, त्याच पोचा पडलेल्या ताटात मऊ भात खात राहिली. पोटातल्या चौघा-पाचांचं काय झालं, हे आत्याबाईंनी विचारलं नाही. पुढच्या वर्षी सर्वपित्रीला मात्र त्यांनी एक पान जास्तीचं वाढलं. मी कुणाचं ते विचारलं नाही. सगळंच काही बोलायला हवं, असं माझं आजही मत नाही. पण काय बोलायला हवं याचा माझा अंदाज त्या वर्षी चांगलाच चुकला होता. आता आठवीच्या मुलींपुढं उभी राहते तेव्हा मी रंगमंचावर फिरत नाही. एका जागी बसते, आणि आधी विचारते: तुम्हाला घरी कुणी काय सांगितलंय?

सुरुवातीला मी म्हटलं, मिरवणूक गेली आणि कुणी थांबलं नाही. गोष्ट सांगणाऱ्या बाईवर एवढा विश्वास ठेवायचा नसतो. एक थांबला. सगळे पुढं गेल्यावर, मागून, सावकाश. मळकट पांढरा, आता थोडा लंगडणारा, एक कान फाटलेला. शेवग्याखाली आला आणि पाय जुळवून बसला. दर भाद्रपदात येतो. ठुमकी फाटकापर्यंत गेली, गजांतून त्याचं नाक हुंगलं आणि ठुमकत परत येऊन उंबऱ्यावर पडली.

आत्याबाई आता एक्क्याऐंशीच्या आहेत. बाजेवरून उठायलाच त्यांना दोन दम लागतात. तरी त्या उठल्या, टोपल्यातली अर्धी भाकर घेतली, भिंत धरत फाटकाशी गेल्या. माझ्या हातात दुधाचं पातेलं तसंच होतं.

"घ्या जावईबापू," त्यांनी भाकर खाली टाकली. तो मान वर न करता खाऊ लागला. त्या गजांना धरून उभ्या राहिल्या, त्याचं खाऊन होईपर्यंत. मग, लांबून आलेल्याला आधी सांगायचं असतं तशा आवाजात, म्हणाल्या,

"पोरगी सुखरूप हाय."